मुंबईहून विमानाने डेस्कटॉप नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की डोंबिवलीहून गुवाहाटीला बदली झाली आहे, दोन वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेला डेस्कटॉप बरोबर न्यायचा आहे, आणि मूळ खोक्यात घालून तो चेक-इन केला तर चालेल का. नियमांच्या दृष्टीने चालेल. परंतु आहे तसा, सर्व भाग आत ठेवून, कृपया देऊ नका. मी हा प्रकार दोनदा केला आहे. पहिल्यांदा चुकीचा आणि दुसऱ्यांदा बरोबर.

पहिल्या वेळी मुंबईहून बंगळुरूला जाताना मी माझ्या मते उत्तम बांधणी केली होती. मूळ खोका, मूळ थर्माकोल, त्यावर बबल रॅपचे तीन वेढे आणि चारही बाजूंना 'नाजूक' अशी लाल चिकटपट्टी. खोका पट्ट्यावरून आला तेव्हा त्याचा एक कोपराही चेपलेला नव्हता. घरी जाऊन कॅबिनेटची बाजू उघडली, तर ग्राफिक्स कार्ड खाली लोंबत होते, मागच्या बाजूला ते धरून ठेवणारा पत्रा वाकला होता, आणि मदरबोर्डवरील, म्हणजे सर्व भाग जोडले जातात त्या मुख्य सर्किट-पाटीवरील, लांब खाचेचे एक टोक, कार्ड अडकवणाऱ्या छोट्या खटक्यासह, बोर्डापासून उचकटून आले होते. कार्ड वाचले, बोर्ड गेला. बाहेरून ओरखडाही नसल्यामुळे तक्रार कशाची करणार, हा प्रश्न होताच.

यावरून जे समजले तेच या उत्तराचे सार आहे: विमानप्रवासात संगणक मोडतो तो बाहेरच्या धक्क्याने क्वचित, आतल्या जड भागांच्या स्वतःच्या वजनाने अधिक. खोका कमरेच्या उंचीवरून आदळला, तर थर्माकोल कॅबिनेटला सांभाळतो. पण आतले कार्ड एका बाजूला दोन स्क्रूंनी आणि एका प्लास्टिकच्या खाचेने धरलेले असते, बाकीचे अधांतरी. थांबण्याच्या त्या क्षणी गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट ओढ बसली, तर दीड किलोचे कार्ड तेवढ्यापुरते ४५ किलोच्या पोत्यासारखे वागते. ते पोते त्या खाचेला टांगले आहे अशी कल्पना करा. हमाल सामान मुद्दाम आपटतात असे नाही. सरकत्या पट्ट्यावरून घसरणे, एकावर एक रचले जाणे आणि विमानाच्या पोटात बॅगा भरताना होणारी ढकलाढकल एवढे पुरेसे असते. शिवाय 'ही बाजू वर' असे कितीही ठळक लिहिले, तरी खोका कोणत्या अंगावर पडून प्रवास करील हे तुमच्या हातात नसते.

म्हणून सर्वप्रथम ग्राफिक्स कार्ड काढा. मागचे स्क्रू सोडवा, खाचेच्या टोकाचा खटका दाबून धरा आणि कार्ड सरळ वर उचला. खटका न दाबता ओढणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. कार्ड विकत घेतले तेव्हाची चंदेरी, स्थिर विद्युत अडवणारी पिशवी ठेवली असेल तर उत्तम. नसेल तर लॅमिंग्टन रोडवर तुमच्याच दुकानदाराकडे मागा, अशा पिशव्या त्यांच्याकडे पडून असतात. साधा बबल रॅप थेट सर्किटवर गुंडाळू नका, आधी पिशवी आणि मग त्यावर बबल रॅप. थर्माकोलचे मणी तर कशातच वापरू नका. ते स्थिर विद्युत धरतात आणि पंख्यांत जाऊन बसतात.

दुसरा जड भाग म्हणजे प्रोसेसरवरील कूलर. प्रोसेसरबरोबर मिळणारा बुटका कूलर असेल तर तो राहू द्या. मनोऱ्यासारखा उंच कूलर असेल, तर त्याचे वजन किलोभर किंवा त्याहून जास्त असू शकते आणि तो बोर्डाला आडवा टांगलेला असतो. तो काढलाच पाहिजे. यात एक खबरदारी आहे. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खोबणीत) पिना प्रोसेसरलाच असतात, आणि कूलर व प्रोसेसर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सुकलेली असली तर कूलर ओढताना प्रोसेसर बंद खटक्यातूनही उपटून येतो. संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. प्रोसेसर मात्र सॉकेटमध्येच, खटका बंद ठेवून, राहू द्यावा. तो तिथे सर्वांत सुरक्षित असतो. पोहोचल्यावर जुनी पेस्ट पुसून नवी लावावी लागेल, तेव्हा पेस्टची नळी आधीच घेऊन ठेवा.

हार्ड डिस्क आणि एसएसडी हातसामानात न्या. बंद स्थितीत आधुनिक हार्ड डिस्कची वाचणारी टोके तबकडीवरून बाजूला जाऊन विसावलेली असतात, त्यामुळे चालू डिस्कपेक्षा बंद डिस्क कितीतरी अधिक धक्का सोसते. सुरक्षा तपासणीच्या क्ष-किरणांनीही माहिती पुसली जात नाही. तरीही ती हातात असावी असे मी म्हणतो, कारण सामान हरवले तर संगणक पुन्हा घेता येतो, मुलांचे फोटो घेता येत नाहीत. निघण्यापूर्वी बॅकअप घ्या, आणि विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधील सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून पाकिटात ठेवा. भाग सुटे करून जोडल्यावर यंत्र कधीकधी ती मागते, आणि त्या वेळी ती त्याच यंत्राच्या आत असते.

रॅम हलकी असते, ती राहू द्या. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, खाली, तळावर टेकलेला असेल तर राहू द्या. जुन्या कॅबिनेटमध्ये तो मदरबोर्डच्या वर टांगलेला असतो, तसा असेल तर काढा. काचेची बाजू असेल तर तीही काढा, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून कपड्यांच्या बॅगेत ठेवा. काढलेला प्रत्येक स्क्रू छोट्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सोडवण्यापूर्वी वायरींचे फोटो. रिकाम्या झालेल्या पोकळीत फोमच्या पट्ट्या किंवा गुलाबी, स्थिर विद्युत न धरणारा बबल रॅप सैलसर भरा, आणि पॉवरच्या बटणावर कागद चिकटवा: 'आत फोम आहे'. हे हास्यास्पद वाटेल, पण प्रवासाने थकलेला माणूस घरी पोहोचल्यावर पहिली गोष्ट करतो ती बटण दाबण्याची.

आता वजन. बहुतेक देशांतर्गत विमानांत इकॉनॉमीच्या तिकिटावर १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातसामान मिळते. मध्यम आकाराचे कॅबिनेट रिकामेच सहा ते आठ किलो भरते. बोर्ड, एसएमपीएस आणि खोका धरून ते बारा-तेरा किलोंवर सहज जाते, म्हणजे तुमचे कपडे जादा सामानात मोजले जाणार. जादा वजन काउंटरवर घेण्यापेक्षा आधीच ऑनलाइन घेतलेले स्वस्त पडते. इथे मी एक पर्याय आवर्जून सुचवीन: कॅबिनेट नेऊच नका. ते शेवटी पत्र्याचा डबा आहे आणि गुवाहाटीलाही मिळते. एटीएक्स मदरबोर्ड ३०.५ बाय २४.४ सेंमीचा असतो, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमसह तो आपल्या मूळ खोक्यात घालून ५५ बाय ३५ सेंमीच्या हातसामानाच्या बॅगेत बसतो. सोबत कार्ड आणि डिस्क. एसएमपीएस आणि कूलर कपड्यांत गुंडाळून चेक-इनमध्ये. माझी दुसरी खेप अशीच झाली.

त्या वेळी सुरक्षा तपासणीत जवानाने बॅग बाजूला घेतली, कारण पडद्यावर कार्डाचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) काळ्या ठोकळ्यासारखा दिसतो. मी सगळे वरच ठेवले होते आणि बिलेही बरोबर होती; कार्ड वेगळ्या ट्रेमध्ये पुन्हा एकदा यंत्रातून गेले आणि पाच मिनिटांत काम झाले. तळाशी कोंबले असते तर तिथेच अर्धी बॅग रिकामी करावी लागली असती. पेचकस मात्र हातसामानात ठेवू नका, तो काढून घेतला जातो. पॉवर बँक याच्या उलट, ती चेक-इनमध्ये चालत नाही. मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलची चिंता नको. यूपीएस नेऊ नका; आत शिशाची जड बॅटरी असते, तो इथेच विका. मॉनिटरही मी नेणार नाही, मूळ खोका नसेल तर मुळीच नाही.

कॅबिनेट न्यायचेच ठरवले, तर लक्षात ठेवा की देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानभरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये आहे, आणि नाजूक वस्तूंसाठी काउंटरवर बहुधा जबाबदारी नाकारणाऱ्या कागदावर सही घेतली जाते. त्यामुळे खोका पट्ट्यावरून उचलल्याबरोबर, विमानतळ सोडण्यापूर्वी, उघडून बघा. काही मोडले असेल तर तिथेच लेखी तक्रार द्या आणि प्रत घ्या. आणि विमानतळाआधी शीळफाट्याचा रस्ता आहे, हे विसरू नका. गाडीत कॅबिनेट उभे ठेवू नका. मदरबोर्डची बाजू खाली येईल असे आडवे, गादीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर ठेवा.

पोहोचल्यावर लगेच चालू करू नका. विमानाच्या पोटात सामान थंड होते आणि दमट हवेत उघडले की धातूवर दव धरते. चार-पाच तास खोलीच्या तापमानाला राहू द्या. मग फोम काढा, प्रत्येक वायर तिच्या जागी घट्ट बसली आहे का ते बोटाने दाबून पाहा, आणि शक्य असल्यास प्रथम कार्डाविना, मदरबोर्डच्या स्वतःच्या डिस्प्ले पोर्टवरून सुरू करून बघा. नावात 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरना ती सोय नसते, त्यांना कार्ड लावूनच तपासावे लागेल. तुमचा प्रोसेसर आणि कूलर कोणता आहे ते कळवलेत, तर काढण्याची नेमकी रीत सांगतो.