इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या बाइकची रेस खाली येत नाही, आयडलचा स्क्रू कुठे असतो?

स्क्रू शोधायचा नाद सोडा, तुमच्या गाडीत तो नाहीच.

तुम्ही लिहिलंय की 400 सीसीची बाइक सेकंडहँड घेतली, इंजिन गरम असताना सिग्नलला आरपीएमचा काटा 2500 च्या खाली येत नाही, चेक इंजिनचा दिवा लागत नाही आणि सर्व्हिसवाले थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा मोजून सोडणारा भाग, बदला म्हणतात. शेवटी जाता जाता हेही लिहिलंय की पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच ती थ्रॉटल बॉडी साफ केली होती. मला विचाराल तर सगळा मामला या शेवटच्या वाक्यात आहे. पैसे लगेच मोजू नका.

जुन्या केबलच्या गाडीत मूठ पिळली की केबल थेट थ्रॉटल बॉडीतली हवा अडवणारी पाकळी ओढायची, आणि मूठ सोडल्यावर पाकळी पूर्ण मिटू नये म्हणून खाली स्क्रू टेकवलेला असायचा. तो अर्धा आटा फिरवला की रेस कमी-जास्त. तुमच्या गाडीसारख्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये, म्हणजे राइड-बाय-वायरमध्ये, मूठ नुसती अर्ज करते. तिच्या सेन्सरकडून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं की गड्यानं किती पिळलंय. हा निरोप दोन वेगळ्या वाटांनी जातो, म्हणजे एक वाट खोटं बोलायला लागली तर ताळा बसत नाही आणि ईसीयू सावध होतो. मग ईसीयू ठरवतो पाकळी किती उघडायची, एक छोटी मोटर दात्यांवरून ती फिरवते, आणि पाकळी खरंच तिथे गेली का हे सांगायला तिच्या दांड्यावर आणखी एक सेन्सर असतो. मूठ पूर्ण सोडल्यावर इंजिन किती आरपीएमवर ठेवायचं, हेही ईसीयूच सतत पाकळी हलवून सांभाळतो.

म्हणून आधी एवढंच शोधायचं: हे 2500 ईसीयूनेच मागितलेत, की त्याच्या मनाविरुद्ध होतायत?

त्यासाठी गाडीला स्कॅनर लावून चालू इंजिनवर आकडे बघायचे. 1 एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांना ओबीडी-2, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखायची व्यवस्था, सक्तीची आहे. सीटखाली बहुधा सहा पिनांचं सॉकेट सापडेल. नुसते कोड वाचून ‘एरर नाही’ म्हणणाऱ्याचा इथे उपयोग नाही. मुठीची टक्केवारी, पाकळीची टक्केवारी, इंजिनचं तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज, हे चार आकडे तुम्हाला स्क्रीनवर दाखवणारा माणूस गाठा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दोन-चार गल्ल्या फिरलात तर मिळेल.

समजा मूठ शून्यावर आहे, पाकळीही जवळजवळ मिटलेली आहे, तरी इंजिन 2500 वर आहे. म्हणजे गाडी दुसरीकडून हवा घेतेय. ईसीयूने दार लावलंय, पण खिडकी उघडी राहिली. थ्रॉटल बॉडी आणि इंजिनचं हेड यांना जोडणारा रबरी बूट काढल्याशिवाय थ्रॉटल बॉडी बाहेर येत नाही, आणि परत बसवताना त्याची कड एका बाजूला दुमडून राहते किंवा क्लॅम्प कडेवरून घसरलेला असतो. माझा पहिला संशय तिथेच. हवा थोडीच आत येत असेल तर ईसीयू पाकळी आणखी मिटून सांभाळून घेतो आणि आपल्याला काही कळत नाही. पाकळी मिटायला जागाच उरत नाही तेव्हा रेस चढते. दिवाही बऱ्याचदा लागत नाही, कारण ही हवा पाकळीच्या पुढे शिरते आणि तिथला प्रेशर सेन्सर तिची नोंद घेतो, त्या हिशेबाने पेट्रोलही पडतं. ईसीयूच्या दृष्टीने सगळं जमेला धरलेलं असतं.

त्याच प्रेशर सेन्सरची बोटाएवढी रबरी नळीही बघा. गाडी उसाच्या रानाजवळ लागत असेल तर जास्तच बारकाईने बघा. तोड सुरू झाली की उंदीर घराकडे वळतात आणि रबर म्हटलं की त्यांना पर्वणी. बूट तपासायला ज्वालाग्राही क्लीनरचा फवारा गरम इंजिनवर मारू नका. साध्या पाण्याच्या बाटलीने बुटाच्या कडेवर बारीक फवारा द्या आणि रेस किंवा पाकळीचा आकडा क्षणभर हलतो का बघा. आकडा पाहिलेला बरा, कारण ईसीयू इतक्या पटकन सावरतो की कानाला फरक कळतोच असं नाही.

आता उलटं समजा. पाकळी चांगली उघडलेली दिसते. म्हणजे रेस ईसीयूलाच हवी आहे, आणि का हवी हे बाकीचे आकडे सांगतात.

मूठ सोडूनही तिचा आकडा दोन-तीन टक्क्यांवर अडकत असेल तर आधीच्या मालकाने हँडलवर काय काय चढवलंय ते बघा. जाड ग्रिप, हँडगार्ड, बाजूचं वजन, यातलं काहीही मुठीला घासत असेल तर ती पूर्ण परत येत नाही. तिथे थोडी तरी फट हवी. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा. रेस बदलली तर मानेजवळची वायर ताणली जातेय.

मूठ शून्यावर असेल तर साफसफाईचा परिणाम धरा. पाकळीच्या कडेला काजळी साचते तशी फट अरुंद होते, आणि ईसीयू हळूहळू शिकतो की आयडलला पाकळी जरा जास्त उघडायची. एके दिवशी कुणीतरी काजळी धुऊन काढतो. फट मोठी झाली, पण ईसीयूच्या डोक्यात जुनाच हिशेब. काही गाड्या चालता चालता तो सुधारतात, काहींना स्कॅनरवरून थ्रॉटल पुन्हा शिकवावं लागतं. ही पद्धत कंपनीगणिक वेगळी आहे, म्हणून दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ बघून किल्ली चालू-बंद करत बसू नका. आणि पाकळी बोटाने ढकलून बघायचा मोह तर अजिबात नको. आतले दाते नाजूक असतात, आणि किल्ली चालू असेल तर मोटर बोट चेपते.

राहिलं तापमान. यात मी स्वतः महिनाभर घालवलाय. पावसाळ्यात गगनबावड्याला जाऊन आलो, गाडी चिखलाने माखलेली, तर वॉशिंगवाल्याकडून प्रेशरने धुऊन घेतली. तीन आठवड्यांनी तुमच्यासारखंच सुरू झालं. थंड इंजिनवर रेस जास्त असते हे ठाऊक होतं, पण ती उतरेचना. मीही एका ठिकाणी थ्रॉटल बॉडीचं कोटेशन घेतलं, पाच आकडी. मग उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. त्याने मला काहीच विचारलं नाही. गाडी स्टँडवर चालू ठेवली, दहा मिनिटं चहा प्याला, आणि मग म्हणाला, “पाव्हणं, फॅन कधी लागला होता?”

मी आठवायला लागलो. मिरजकर तिकटीपासून बिंदू चौकापर्यंत भर दुपारी रांगत आलो होतो, आणि रेडिएटरच्या फॅनचा आवाज नाही. मीटरवर तापमानाच्या दोनच कांड्या. मला वाटलं होतं, गाडी किती थंड राहते, भारीच की!

त्याने रेडिएटरच्या बाजूचा कनेक्टर उपटला. आत दोन पिना, एकीवर हिरवट पूड, तांब्याच्या कळकट भांड्यावर चढते तशी. हा इंजिनचं तापमान मोजणारा सेन्सर गरम झाला की त्याचा रोध कमी होतो, थंडीत वाढतो. गंजाने मधे थोडा रोध भरला, त्यामुळे इंजिन तापलेलं असतानाही ईसीयूला ते कोमट वाटत होतं. कोमट इंजिनला तो बिचारा इमानाने जास्त रेस देत होता, आणि फॅनही त्याच सेन्सरवर असल्याने लागत नव्हता. वायर पूर्ण तुटली असती तर दिवा लागला असता. आकडा चुकीचा होता, पण अशक्य नव्हता, म्हणून ईसीयूला शंका आली नाही. पिना घासून, क्लीनर मारून, कनेक्टरचा फाटलेला रबरी सील बदलला. पाच मिनिटांत रेस जागेवर आली आणि थोड्या वेळाने फॅन घोंघावला. नंतर मला भीती वाटली ती इंजिनची, रेसची नाही. म्हणून तुमचाही फॅन लागतो का ते आजच बघा. गरम इंजिनवर मीटर थंड दाखवत असेल तर तेवढं दुरुस्त होईपर्यंत गर्दीत नेऊ नका.

बॅटरी पडकी असली तरी चार्जिंग वाढावं म्हणून काही ईसीयू रेस चढवतात, तो चौथा आकडा त्यासाठी.

थ्रॉटल बॉडी खरंच गेलेली असू शकते का? असू शकते. पण मोटरने हात टेकले तर ईसीयू तिचा करंट तोडतो आणि आतली स्प्रिंग पाकळी किंचित उघडी धरते, गाडी घरापर्यंत रांगत यावी म्हणून. तेव्हाही रेस चढते, पण सोबत दिवा लागतो आणि मूठ पिळली तरी गाडी नीट उचलत नाही. तुमची गाडी उचलते, दिवाही नाही. पार्ट बदला म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की आयडलला पाकळी किती टक्के उघडी दिसली. उत्तर आलं नाही तर त्याने बघितलंच नाही.

तोवर घाटात जरा जपून. 2500 ची रेस असली की मूठ सोडूनही गाडी ओढत राहते, इंजिन ब्रेकिंग नीट मिळत नाही, आणि वळणावर ते उशिरा लक्षात येतं. गाडी ज्यांनी उघडली होती त्यांच्याकडेच आधी न्या, बुटाचा क्लॅम्प तुमच्यासमोर सोडून परत बसवायला लावा. त्याचे पैसे ते मागणार नाहीत, मागितले तर देऊ नका.