किनारा मोजण्याआधी ओहोटीची वेळ पाहा

प्रश्न: मी भूगोलात एम.ए. करते. लघुप्रबंधाचा विषय मच्छीमार वस्तीसमोरची धूप. 2000 आणि 2020 च्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांवर पाण्याची कड आखली, तर किनारा 90 मीटर आत आलेला दिसतो. वस्तीतली वयस्कर मंडळी म्हणतात, एवढा नाही गेला. कोणाचं खरं धरू?

उत्तर: आधी दोन्ही चित्रांच्या क्षणी भरती किती होती ते तपासा. उपग्रह दर फेरीला साधारण त्याच घटकेला येतो, पण भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे एक चित्र भरतीचं, दुसरं ओहोटीचं असं सहज होतं. पुळणीचा उतार 50 मीटरला 1 मीटर असेल आणि पाण्याच्या पातळीत 1.8 मीटरचा फरक असेल, तर कड 90 मीटर सरकते. वाळूचा एक कणही न हलता! म्हणून पाण्याची कड सोडा आणि झाडोऱ्याची कड आखा. ऋतूही एकच हवा, कारण वादळी लाटा वाळू ओढून समोरच्या पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात टाकतात आणि शांत दिवसांत तीच परत येते. दोनच चित्रांवर विसंबू नका, मधली आठ-दहा घ्या. लँडसॅटचा एक चौकोन 30 मीटरचा असतो, त्याहून लहान बदलाबद्दल ठाम बोलू नये.

मग पुळणीवर उतरा. पुळणीचा उतार मोजायला सागरी भूवैज्ञानिक एमरी यांची 1961 ची दोन काठ्यांची पद्धत आजही उत्तम आहे. सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या आणि त्यांच्यात अंतर राखायला 2 मीटरची न ताणणारी दोरी, एवढंच लागतं. जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा. ती नजर जवळच्या काठीला वरून जितक्या सेंटिमीटरवर छेदेल, तितका उतार. सुरुवात न हलणाऱ्या खुणेपासून करा, आणि ओहोटीच्या तासभर आधी, म्हणजे पाणी सर्वांत खाली असताना तुम्ही कडेला पोचाल. ओल्या वाळूत काठी रुतते, तेव्हा दोन्हींच्या बुडाला सारख्या जाडीची फळी लावा. समुद्राकडची काठी दर वेळी 1 सेंटिमीटर रुतली, तर 40 नोंदींत 40 सेंटिमीटरची चूक साचते.

आता वयस्कर मंडळी. 'कोणत्या साली?' असं विचारलं की अंदाज मिळतो. 'मोठ्या मुलाच्या जन्माच्या वेळी होडी कुठवर ओढायचात?' असं विचारा, त्यांच्याबरोबर चालत जा, ते थांबतील तिथे जीपीएस नोंद घ्या. तिघांना वेगवेगळं विचारा. मासळी सुकवणाऱ्या बायकांना हमखास विचारा. सुकवायची जागा आक्रसली की त्यांना लगेच कळतं, आणि नेमक्या त्यांच्याच मुलाखती प्रबंधांत कमी असतात.

प्रश्न: मुलाखती किती पुरेत?

उत्तर: आकडा आधी ठरवू नका. सलग तीन-चार मुलाखतींत नवं काही मिळालं नाही की थांबा, पण होडीमालक, खलाशी आणि विक्रेत्या बायका यांचा हिशेब वेगळा ठेवा. संमती पुन्हा एकदा, नकाशा दाखवून घ्या. मासेमारीच्या खास जागा छापील नकाशावर नेमक्या दाखवू नका. ती माहिती बाहेर गेली तर तिथे दुसऱ्यांची जाळी पडतात आणि नुकसान तुमच्याशी मोकळेपणी बोललेल्या माणसांचं होतं.