आधी गाणं मुरू दे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

शाळेतली नोकरी सोडून यंदाच अल्बम काढायचा, नाहीतर उशीर होईल, असं तू लिहिलंस. कशाला उशीर होईल? 'फर्स्ट टेक' हा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला तेव्हा अमेरिकन गायिका रॉबर्टा फ्लॅक 32 वर्षांची होती. तयारी कमी होती म्हणून नव्हे. हॉवर्ड विद्यापीठाची शिष्यवृत्ती तिला पंधराव्या वर्षीच मिळाली होती. तिनं नॉर्थ कॅरोलिनातल्या फार्मव्हिलला आणि मग वॉशिंग्टनच्या शाळांत शिकवलं, संध्याकाळी ऑपेरा गाणाऱ्यांना पियानोची साथ केली. 1968 पासून वॉशिंग्टनच्या 'मिस्टर हेन्रीज' या क्लबात गायली. मालकानं वरचा मजला खास तिच्या गाण्यासाठी तयार करून घेतला. निर्मात्यासमोर तिनं तीन तासांत 42 गाणी म्हटली. मग फेब्रुवारी 1969 मध्ये अख्खा अल्बम सुमारे दहा तासांत झाला. सगळे त्या दहा तासांचं कौतुक करतात. अगं, ती गाणी आधीच मुरलेली होती!

तुझं गाणं अजून मुरलेलं नाही. मूळ रेकॉर्डच्या पट्टीत गातेस, तिथंच पहिली चूक. गाण्यातला सर्वांत वरचा लांबवायचा सूर शोध. तुझ्या आवाजाच्या टोकापासून तो निदान दोन स्वर खाली यायला हवा. येत नसेल तर पट्टी अर्ध्या स्वरानं उतरवत जा, पण मुखड्याचा खालचा सूर पुटपुटल्यासारखा झाला की थांब. पट्टी स्वतः पियानोवर बसून ठरव, वादकावर सोडू नकोस. आणि वादकांना 'काळी पाच' सांगू नकोस, 'बी फ्लॅट' म्हण. कागदावर पट्टी, लय, सुरुवातीचे चार बार (म्हणजे मात्रांचे चार गट) आणि शेवट कसा करायचा, एवढं लिहून प्रत्येकाच्या हातात दे.

मग लय. संथ गाण्यात तू ओळीच्या शेवटी पळतेस, कारण पुढची शांतता तुला सोसत नाही. मिनिटाला 60 मात्रांचं गाणं असेल तर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, 30 वर लाव आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धर. मधल्या मात्रा तुझ्या तू सांभाळायच्या. आधी शब्द नुसते बोल, जेवणाच्या टेबलावर बोलतो तसे. श्वास कुठं पडतो तिथं पेन्सिलीनं खूण कर. लय देताना पहिली ओळ मनात म्हण, मगच मोज. 'फर्स्ट टेक'मधलं 'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस' पाच मिनिटांहून लांब आणि अतिशय संथ आहे. दोन वर्षांहून जास्त काळ ते अल्बममध्येच पडून होतं. 1971 च्या एका चित्रपटात वाजलं आणि 1972 मध्ये अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

माइक हळू गाताना चार बोटांवर, जोरात गाताना वीतभर लांब. 'प', 'फ' फुटत असतील तर तो ओठांसमोरून किंचित तिरका कर.

आणि हे सगळं वीस वेळा लोकांसमोर. घरात नाही, लोकांसमोर! सहाव्या-सातव्या वेळी गाण्याचा कंटाळा येईल. तिथंच बहुतेक जण गाणं बदलतात, आणि तिथूनच ते मुरायला लागतं. मला हटवादी म्हणतात, म्हणू देत. कच्चं गाणं एकदा बाहेर गेलं की परत घेता येत नाही, आणि ती हळहळ मला पुरेपूर ठाऊक आहे. म्हणून पुन्हा सांगतो, मुरू दे.

नोकरी तूर्त सोडू नकोस. पगार हातात असला की पैशासाठी कुणाच्याही लग्नात कुठल्याही पट्टीत गावं लागत नाही. आठवड्याची एकच रात्र धर, पण तीच जागा, तेच वादक. फोन शेवटच्या खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड कर. तिथं शब्द कळले नाहीत तर दोष आधी तुझ्या उच्चारात शोध, साउंडवाल्यात नंतर.

रेकॉर्डिंग मला पाठव. पहिल्या वेळचं नको, विसाव्या वेळचं.