कोणता आकडा खरा मानायचा?

प्रश्न : मी साताऱ्याहून लिहितेय. आमची डिझेल गाडी ९ वर्षांची, बॅटरी ३ वर्षांची. लायटरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावलाय, त्याच्यावर व्होल्टेज दिसतं. सकाळी चावी फिरवली की १२.१ दाखवतो, आणि गाडी चालू करून एसी, हेडलाइट लावले की १३.२. मुलाच्या मल्टिमीटरने त्याच वेळी थेट बॅटरीवर बघितलं तर १४.०! गॅरेजवाले म्हणतात डायनॅमो गेला, बॅटरीवाले म्हणतात बॅटरी गेली. सेल्फ कधीकधी जड फिरतो हे मात्र खरंय. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका आणि पैसेही काढू नका. तुम्ही स्वतःच अर्धं काम करून ठेवलंय, फक्त त्या चार्जरवरच्या आकड्यावर जरा जास्तच विश्वास टाकलाय.

लायटरच्या सॉकेटपर्यंत करंट येतो तो फ्यूज, स्विच, दोन-तीन कनेक्टर आणि बारीक वायर असं सगळं फिरून येतो, अर्थ (करंट मायनसला परत जायची वाट) पण बॉडीतून घेतलेला असतो, त्यामुळे वाटेत थोडे थोडे व्होल्ट गळतात आणि जेवढा लोड जास्त तेवढी गळती जास्त. तुमच्याकडे ०.८ व्होल्ट कमी दिसतायत, त्यात स्वस्त डिस्प्लेची स्वतःची चूकही आलीच. बॅटरीवर लोड टाकून १४.० येतायत म्हणजे डायनॅमो (चालू इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) चांगलं काम करतोय, त्याला उगाच काढायला लावू नका.

सकाळच्या १२.१ चं तसंच. बहुतेक गाड्यांत ते सॉकेट चावी फिरवल्यावरच चालू होतं. आणि डिझेलला चावी फिरवली की थंडीत ग्लो प्लग (इंजिनातले छोटे हीटर) तापायला लागतात, ते भरपूर करंट ओढतात, म्हणजे तुम्ही बघताय ती झोपेतली बॅटरी नाही, पोतं उचलायला लावलेली बॅटरी आहे. बॅटरीत चार्ज किती हे बघायचं तर ती निवांत पाहिजे. रात्री गाडी लावली, सकाळी बॉनेट उघडलं, दारं बंद केली, चावी घरात नेऊन ठेवली आणि १५-२० मिनिटांनी मीटर लावला, असं. दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि गाडीतले कंट्रोलर (छोटे कंप्युटर) जागे होतात म्हणून एवढं थांबायचं. संध्याकाळी गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर १२.९ किंवा १३ दिसेल, त्याने खूश होऊ नका, तो वरवरचा चार्ज असतो, काही तासांत उतरतो.

निवांत बॅटरीला १२.६ च्या वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या खाली गेली की चार्जरला लावायची. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना ते दोनदा बघा, मी एकदा १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला लावली होती, ठिणगी उडाली आणि टोक वितळलं, मीटरच्या त्या भोकाला फ्यूजच नव्हता! साधा मीटर ०.०५-०.१ इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणून १२.६ आणि १२.५५ वरून भांडत बसायचं नाही. मीटरचा स्वतःचा सेल उतरला असेल तर बरेच मीटर आकडा वाढवून दाखवतात, आधी तो नवा घाला.

आता सेल्फ जड फिरतो त्याचं बघू, माझा खरा संशय इथे आहे. मीटरचं टोक वायरच्या टर्मिनलवर लावू नका, मधल्या शिशाच्या खुंटावर लावा. दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर, १० च्या वर राहिला तर बरी (बॅटरी आधी फुल चार्ज पाहिजे, नाहीतर ही टेस्ट फुकट). मीटर सावकाश बदलतो, त्यात मिनिमम धरून ठेवायचं बटण असेल तर ते दाबा. मग तेच परत, पण या वेळी एक टोक प्लसच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटावर बसवलेल्या टर्मिनलवर. शिसं आणि टर्मिनल एकमेकाला चिकटलेले, तरी सेल्फ मारताना मध्ये ०.३-०.४ व्होल्ट दिसले तर जोड खराब. मायनसला पण असंच, आणि पुढे मायनस खुंट ते इंजिनचा ब्लॉक, तिथे सेल्फ मारताना ०.२-०.३ पर्यंत चालतं, अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची पट्टी गंजलीय. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर टर्मिनल काढा, आधी मायनस, कोमट पाणी आणि खायचा सोडा, वाळवून घट्ट. ह्यात गाडी बरी झाली तर मला पत्र टाका, मी खूश होईन.

इंजिन चालू असताना बघताना ओढणी, पदर पट्ट्यापासून लांब ठेवा. आणि चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून डायनॅमो तपासायची जुनी गॅरेजची खोड आहे ना, ती कुणाला करू देऊ नका, त्याने व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायनॅमोतल्या डायोडसकट कंट्रोलर जळू शकतो.

प्रश्न : माझ्या नव्या बीएस ६ गाडीत हायवेला १२.७ दिसतं, कधी एकदम १४.८. डायनॅमो खराब का?

उत्तर : बहुतेक नाही. या गाड्यांत कंप्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, इंधन वाचवायला. गाडीला एक्सलरेटर दिला की कमी, पाय काढला की जास्त. हेडलाइट लावून पाहा, बऱ्याच गाड्यांत आकडा १४ च्या आसपास येतो. मायनस खुंटावर छोटा सेन्सर बसवलेला दिसला तर बाहेरून चार्जर लावताना काळी क्लिप खुंटाला नाही, बॉडीच्या अर्थला लावा, नाहीतर सेन्सरला कळतच नाही की बॅटरी भरली.