टिग वेल्डर घेण्यापूर्वी
टिग वेल्डर म्हणजे टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने, आर्गन वायूच्या आवरणात विजेच्या ज्योतीने धातू जोडणारे यंत्र.
अ‍ॅल्युमिनियम जोडायचे आहे की नाही, हे आधी ठरवा, कारण केवळ डीसी यंत्र पुरेल की महागडे एसी-डीसी यंत्र लागेल, हे त्यावरच अवलंबून आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांपर्यंतही वितळत नाही. तो फोडण्यासाठी व्यवहारात एसी प्रवाहच वापरला जातो. पोलाद आणि स्टेनलेस स्टीलसाठी डीसी पुरेसे आहे. अँपिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, ड्यूटी सायकल वाचा: २०० अँपिअरला ३० टक्के म्हणजे दहा मिनिटांत तीनच मिनिटे वेल्डिंग. वेल्डिंग चालू असताना प्रवाह कमी-जास्त करणारे पायाचे पेडल जोडता येते का, हे आवर्जून विचारा. मी ते अनावश्यक समजलो आणि पातळ पत्र्याला असंख्य भोके पाडली. आर्गनचे सिलिंडर आणि रेग्युलेटर यांचा खर्च वेगळा धरा.