अंदाज आधी चिठ्ठीवर लिहून घे

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना फोनवर सल्ला, बागेत हवामान यंत्र, फवारणीचं वेळापत्रक, सगळं नीट मांडलंयस. आकडेमोडही चोख आहे. माझी हरकत पहिल्याच पानावरच्या एका वाक्याला आहे. ‘शेतकऱ्यांकडे माहिती नाही, ती आम्ही पोचवू’ असं तू लिहिलंस. ते खोडून टाक.

थॉमसन सीडलेस ही बिनबियांच्या द्राक्षाची जात आपल्याकडे बाहेरून आली, पण तिच्यातून तास-ए-गणेश निवडून काढली ती तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी. सोनाका आणि शरद सीडलेस आल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेतून. दोघंही बागायतदार. शेकडो वेलींत एखाद्या काडीवरचे मणी जरा वेगळे दिसतात. काढणीच्या घाईत, व्यापारी बांधावर उभा असताना, ती काडी खूण करून ठेवायची, तिची कलमं करायची आणि ती फळाला येईपर्यंत थांबायचं. हे ज्ञान कुठल्याच तक्त्यात बसत नाही. फ्रीडरिक हायेक या अर्थतज्ज्ञानं 1945 साली हेच मांडलं होतं. अर्थव्यवस्थेला लागणारी माहिती एका जागी कधीच नसते, ती त्या त्या ठिकाणच्या, त्या त्या वेळच्या माणसांकडे तुकड्यातुकड्यांनी असते. हायेक बाजारभावाबद्दल बोलत होता. आपल्याकडे भावाच्या जोडीला एकमेकांच्या बागा पाहत हिंडायची शिवारफेरी आणि द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रंही आहेत. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लागून राहिला की कुणाच्या बागेत घड जिरले, म्हणजे धरण्याआधीच नाहीसे झाले, कुणाच्या टिकले, याची बातमी तुझ्या यंत्राच्या आधी चहाच्या टपरीवर येते.

म्हणून आता तू दुसऱ्या टोकाला जाऊन ‘लोकांचं शहाणपण’ अशी पाटी लावू नकोस. लोक एकत्र आले की शहाणपणच जमतं असं नाही.

2010 चा हंगाम आठवणारी माणसं तुला मोहाडी-पिंपळगावात भेटतील, त्यांच्याशी बोल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, घड धरावा म्हणून क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांचं सीसीसी, फवारायची पद्धत सर्रास होती. दुकानदार तेच सांगायचा, सल्लागार तेच सांगायचा, शेजारीही तेच. निर्यातीच्या प्लॉटची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद होती, रेसिड्यूचे, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचे, अहवाल पास होते. पण आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं. युरोपात ते सापडलं आणि कंटेनर अडकले. बागायतदार हाताशी असलेल्या माहितीवर वागले होते. पण सगळ्यांची माहिती एकाच विहिरीतली असेल तर हजार माणसांना विचारलं काय आणि एकाला विचारलं काय!

फ्रान्सिस गाल्टनच्या बैलाची गोष्ट तू आराखड्यात घातलीच आहेस (ती न घालणारा नवउद्योजक मला अजून भेटायचा आहे). 1906 साली प्लिमथच्या प्रदर्शनात लोकांनी बैलाच्या वजनाचा अंदाज लिहून दिला. 787 चिठ्ठ्यांतला मधला आकडा 1207 पौंड आला, खरं वजन भरलं 1198. पण तू दोन गोष्टी गाळल्यास. चिठ्ठीला सहा पेन्स मोजावे लागत होते, म्हणून टवाळखोर आपोआप बाहेर राहिले. आणि अंदाज ज्याचा त्यानं लिहायचा होता, कुणाचं भाषण ऐकून नाही. चुका वेगवेगळ्या दिशांच्या असल्या तरच एकमेकींना खोडतात. सगळे एकाच बाजूला चुकले तर सरासरीही तिकडेच झुकते.

आता हे तुझ्या अ‍ॅपला लावून बघ. एका भागातल्या सगळ्या बागांना फळछाटणीची एकच ‘सर्वोत्तम’ तारीख सुचवलीस, तर माल एकदमच तयार होणार आणि दर तूच पाडणार. सटाण्याकडचे काही बागायतदार पावसाळ्यातच अर्ली छाटणी घेतात. डाऊनी या बुरशीरोगाचा धोका पत्करतात, फवारण्यांवर पाण्यासारखा पैसा घालतात, आणि साधला तर बाजार मोकळा असताना त्यांचा माल विकला जातो. तुझा हिशेब त्यांना चुकीचं ठरवेल. माझ्या मते सबंध भागाचा दर सावरण्यात या ‘चुकणाऱ्या’ लोकांचा वाटा मोठा आहे. त्यांना सरळ करायला जाऊ नकोस.

चर्चासत्रात एक गोष्ट नीट पाहा. यंदा एकरी किती माल निघेल, असं विचारलं की पहिल्या रांगेतला मोठा बागायतदार एक आकडा बोलतो. त्यानंतर जो तो त्याच आकड्याच्या आसपास घुटमळतो, मागच्या रांगेतला दोन एकरवाला तर मान हलवून मोकळा होतो. तू बैठक घेशील तेव्हा आधी कागद वाट. प्रत्येकानं अंदाज लिहून घडी घालून द्यायचा, मगच चर्चा. ज्याचा आकडा सगळ्यांपेक्षा लांबचा, त्याला पहिल्यांदा बोलू दे. त्याच्या बागेत दहा दिवस आधीच काहीतरी दिसलेलं असू शकतं. फोनवरही हाच क्रम ठेव. स्वतःचं मत नोंदवल्याशिवाय दुसऱ्यांचं दिसता कामा नये.

दुसरा मुद्दा पैशाचा. फ्रँक नाइटनं 1921 साली मोजता येणारी जोखीम आणि मोजताच न येणारी अनिश्चितता वेगळी केली. नफा हा दुसरी पेलण्याचा मोबदला, असं त्याचं म्हणणं. तुझ्या व्यवहारात ती कोण पेलतं? सल्ला चुकला तर बाग त्याची जाते, तुझी वर्गणी तुझ्या खिशात राहते. वर औषध दुकानांकडून कमिशन घ्यायचं कलमही तू घातलंयस. ते आजच काढ. फवारणी जितकी जास्त तितका तुझा नफा, अशी रचना असताना ‘आज फवारू नका’ हा सल्ला तुझ्या तोंडून कसा निघणार? त्यापेक्षा चुकलेल्या सल्ल्यांची यादी दर हंगामाला उघड कर आणि वर्गणीचा काही भाग काढणीनंतर घे. पहिली दोन वर्षं हात तंग राहील, त्याची तजवीज आधीच करून ठेव.

‘शेतकरी भागीदार’ हा शब्द तू जपून वापर. 2002 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात उत्पादक कंपनी आली. तिथं सभासद फक्त उत्पादक, आणि व्यक्ती सभासद असतील तर शेअर कितीही असोत, मत एकच. हे चांगलं, पण बाहेरचा गुंतवणूकदार त्यात शिरू शकत नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं काय केलं ते अभ्यास. मूळ उत्पादक कंपनी शेतकऱ्यांची ठेवली आणि 2022 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांचे 310 कोटी रुपये घेतले ते काढणीपश्चात प्रक्रियेच्या उपकंपनीत. तुलाही भांडवल लागणारच आहे. मग बागांची माहिती कुणाच्या मालकीची आणि भांडवल कुठल्या कंपनीत, हे आत्ताच वेगळं करून लिही. पुढे गुंतवणूकदार समोर बसल्यावर ते जमत नाही.

ऑगस्ट उजाडायच्या आत वीस बागायतदार गाठ. त्यांत चार-पाच सटाण्याचे घे, दोन-तीन असे घे ज्यांचं गावात कुणाशी पटत नाही, आणि निदान चार बायका, कारण मण्यांची विरळणी आणि डिपिंगला, म्हणजे घड संजीवकात बुडवायला, बाग त्यांच्याच हाताखालून जाते. चिठ्ठ्या गोळा झाल्या की न उघडता माझ्याकडे घेऊन ये, एकत्रच बसून वाचू. रॉयल्टी देऊन आणलेल्या नव्या वाणांबद्दल तू विचारलं होतंस, त्यावर तेव्हाच बोलू.

तुझा,
काका