जुन्या लाकडी कपाटावर न घासता थेट चॉक पेंट (खडूसारखा, बिनचमकीचा दिसणारा रंग) मारला तर चालेल का?

कपाटावर आधी कसलं फिनिश आहे, यावर ते अवलंबून आहे. तुम्ही कपाट, टेबल, डुगडुगणाऱ्या दोन खुर्च्या आणि खोलीची सजावट असं सगळं एकदम विचारलंय. शिवाय 'न घासता पांढरा रंग मारा, स्वस्तात काम होतं' असं कुणीतरी सांगितल्याचं लिहिलंय. या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. गडद लाकडावर पाण्यातला पांढरा रंग दिला की दुसऱ्या हातानंतरही पिवळट-तपकिरी डाग वर येतात. रंगातलं पाणी लाकडातला टॅनिन (नैसर्गिक तुरट रंगद्रव्य) आणि जुना स्टेन (लाकडाला गडद करायला लावलेला रंग) विरघळवून वर ओढतं, त्यामुळे चौथा हात दिला तरी डाग येतच राहतात. त्याला आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात देऊन लाकूड बंद करावं लागतं. म्हणजे 'स्वस्तातलं काम' तिथेच महाग झालं.

रंग विकत घेण्याआधी कापसाचा बोळा डिनेचर्ड स्पिरिटमध्ये भिजवा आणि कपाटाच्या पायाच्या मागच्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धरा. जागा चिकट झाली, बोळ्याला तपकिरी लागलं, तर ते चपड्याचं पॉलिश. काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं द्रावण) लावून बघा. त्याने मऊ पडलं तर लॅकर. त्यालाही दाद दिली नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कडक, न विरघळणारे थर.

चपडा निघाला तर रंगाचं नावही काढू नका. हे पॉलिश स्पिरिटने पुन्हा उकलतं आणि नवा हात जुन्यात मिसळून जातो, म्हणून सगळं खरवडायची गरजच पडत नाही. आधी कोमट पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. मग टर्पेंटाइनने मेणचट थर काढा. टर्पेंटाइनने चपडा विरघळत नाही, त्यामुळे निर्धास्त पुसा. बऱ्याच कपाटांचं काम इथेच संपतं, कारण ज्याला आपण 'काळं पडलेलं लाकूड' म्हणतो ती निव्वळ मळी असते.

तरीही पृष्ठभाग निस्तेज दिसला तर १ लिटर स्पिरिटमध्ये १२५ ग्रॅम चपडा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर भिजवा. लोखंडी डबा नको, पॉलिश काळपट होतं. सकाळी सुती कापडातून गाळा. कापसाचा गोळा जुन्या, मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडात बांधून पोटली करा. ती दाबली की ओलसर ठसा उमटावा, ओघळ येता कामा नये. पोटली काठाबाहेरून सरकत आत आणा, रेषेच्या दिशेने एका दमात ओढा आणि सरकतच बाहेर काढा. मध्ये थांबलात तर तिथे डाग पडतो. सुटलेली जागा दिसली तरी लगेच परत फिरवू नका, ओला थर उचलला जातो. तासातासाच्या अंतराने तीन हात, मग रात्रभर विश्रांती, मग झिजलेल्या ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलकं घासून आणखी दोन हात. दमट हवेत हे काम काढू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प थरात अडकतं आणि पांढुरकं सावट येतं. आलंच तर कोरड्या दिवशी पोटलीला नुसतं स्पिरिट लावून हलका हात फिरवा. पेल्याखालचे पांढरे गोल डागही असेच जातात. काळे डाग मात्र लाकडाच्या आत उतरलेले असतात, ते या उपायाने जात नाहीत.

'मशीनने सगळं तासल्याशिवाय नवं होत नाही' म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे आणि मी तो सोडणार नाही. वरच्या फळीची रेषा कडेवरून खाली उतरत नसेल, तर ते बहुधा विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे. त्याची जाडी पुष्कळदा अर्धा मिलिमीटरच असते. मशीन आधी कडा खातं, खालचा प्लाय उघडा पडतो आणि मग खरोखरच रंगाशिवाय इलाज उरत नाही.

सनमायका, पीयू किंवा आधीच रंगवलेली वस्तू असेल तर खुशाल रंगवा. २२० च्या पेपरने फक्त वरची चमक घालवा, धूळ पुसा, सनमायकावर बाँडिंग प्रायमर (गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरून ठेवणारा पहिला थर) द्या आणि फोमच्या छोट्या रोलरने दोन पातळ हात द्या. चॉक पेंट धरतो चांगला, पण त्याची छिद्रं उघडी राहतात. टेबलावर त्याला मेण पुरत नाही, गरम कप ठेवला की खूण उमटते. तिथे वार्निशच लागतं. रंग हाताला सुकला तरी पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर वर जड वस्तू ठेवू नका, चिकटते.

खुर्च्यांना खिळे ठोकू नका, कुसू (सांध्याच्या भोकात बसणारं लाकडाचं टोक) फाटतं. सांधा मोकळा करा, जुना सरस गरम पाण्याने मऊ करून पुरता खरवडा. सरस राहिला तर नवा गोंद धरत नाही. गोंद लावून पायांभोवती दोरी बांधा, तीत काठी घालून पीळ द्या आणि २४ तास हलवू नका. वेताची बैठक नुसती सैल झाली असेल, तुटली नसेल, तर खालून गरम पाण्याने भिजवून रात्रभर सुकू द्या. वेत आकसून ताणला जातो.

सजावटीबद्दल एवढंच सांगेन, की आधी कपाटाच्या मुठी बदला. दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून घ्या. ते पुष्कळदा ९६ किंवा १२८ मिमी असतं, आणि तेवढंच मिळालं तर नवी भोकं पाडावी लागत नाहीत.

आणि हो, फार जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, लहान मुलं घरात असतील तर मुळीच नको. स्पिरिटचं काम खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून लांब करा. अळशीचं तेल वापरलंत तर त्याची फडकी चुरगळून टाकू नका, ढिगाऱ्यात ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.